बद्रीमामाचा फेटा

बद्रीनाथमामा विग लावतो, फेटा काढताना विगही निघून येईल म्हणून लग्नात फेटाच बांधून घेत न्हाई, ही बातमी घनसावंगीच्या जीपवाल्यांपासून अंबडच्या मोंढ्यापर्यंत पोचली होती. एका जीपवाल्यानं तर विगचा रंगही सांगितला होता.

मामाचे केस अस्सल आहेत, बहिणीनं स्वतः ओढून पाहिलेत. खरी गोष्ट साधी होती. डोक्याभोवती कापड गुंडाळलं की मामाचा श्वास अडकायचा, छातीत धडधडायचं, पाय आपोआप पळायला लागायचे. माइकवरून "बद्रीनाथराव, जिथं असाल तिथून स्टेजजवळ या" असा पुकारा झाला, की मामा आचाऱ्याजवळ जाऊन भाताला वाफ आली का ते बघत बसायचा.

बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे अण्णासाहेबांना, यावर उपाय ठाऊक होता. गावात सगळ्यांनाच सगळ्यावर उपाय ठाऊक असतो.

"एकदा जबरदस्तीनं बसवला की भीती पळती," असं म्हणून त्यांनी एका सत्कारात दोघांना मामाचे हात धरायला लावले अन् फेटा आवळला. भीती जागेवर राहिली, मामा पळाला. तोही प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पाय देऊन. तेव्हापासून घडी घातलेला टॉवेल दिसला तरी त्याला घाम फुटायचा.

अशात भाचीचं, आकांक्षाचं लग्न ठरलं. हिला सायकल मामानं शिकवलेली, कॉलेजच्या बसवर मामानंच सोडलेली. पण बहीण गोजरबाईनं बजावलं, "भाऊ, बोडक्या डोक्याचा मामा मी पोरीच्या मागं उभा करणार न्हाई. पाहुणे काय म्हणतील? न्हाई तर चुलत्याला उभं करते."

मामा त्या रात्री जेवला नाही. सकाळी म्हणाला, "जालन्याला एक मॅडम हायेत म्हणे, संमोहनानं भीती घालवत्यात. मी जाऊन येतो."

एकट्यानं दवाखान्यात जायची आपल्याकडं रीत नाही. जीप भरूनच गेली. गोजरबाई राखणीला. अण्णासाहेब वेगळ्याच कामाला, कारण संमोहनात माणूस खरं बोलतो असं त्यांनी ऐकलेलं.

"मॅडम, एवढं झोपवलंच हाये तर इचारून घ्या ना, आमच्या अन् ह्यांच्या शेतामधल्या धुऱ्याचा दगड कोणी सरकवला?"

"इथं कोणी झोपत नाही, अन् कोणाकडून काही काढूनही घेत नाही," नीला मॅडम म्हणाल्या. "त्यांना सगळं ऐकू येतं. वाटलं तर उठून जातील. तुम्ही बाहेर बसा."

गोजरबाई मात्र हलली नाही. मॅडम हळू आवाजात सांगू लागल्या, "खांदे सैल सोडा... पापण्या जड होताहेत..." अन् खोलीत घोरणं सुरू झालं.

मामा डोळे मिटूनच म्हणाला, "मॅडम, मी न्हाई. बहीण हाये."

हळूहळू बोलणं लहानपणावर आलं. घरातली एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, लपाछपीत मामा आत घुसला, वरचा ढीग अंगावर आला. तोंडात, नाकात कापूस. "आरडलो मॅडम, पण माझाच आवाज मला येईना."

"तुमच्या मनानं तो कापूस अजून सोडलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "फेटा बसला की त्याला वाटतं, पुन्हा तीच खोली. त्याला ओरडून पळवायचं नाही, हळूहळू पटवायचं."

मॅडमनी निवांत वाटणारी जागा विचारली, मामानं उसातला पाट सांगितला. मॅडमनी तोच धरून शिकवलं. डोळे मिटून पाटाचं पाणी ऐकायचं, अंगठा बोटाला दाबायचा, अन् त्या शांतपणातच कल्पनेत रुमाल डोक्यावर घ्यायचा. मंग घरी खरा रुमाल. मंग उपरणं. अण्णासाहेब म्हणाले, "ह्याला इलाज म्हणत्यात का? डोक्यावर रुमाल तर मीबी टाकला असता!"

गोजरबाईची धाकटी पायल घरभर मॅडमच्या आवाजात "पापण्या जड होताहेत" म्हणत म्हशीला संमोहित करत फिरायची. तिनं मामाला तोंडावर सांगितलं, "शेवटच्या मंगलाष्टकाआधी तुमचा फेटा मांडवात लोळणार. लावा पैज!"

"हरलीस तर दिवाळीपर्यंत कोणाचीच नक्कल बंद."

"बंद!"

लग्नात पुकारा झाला. मामा भाताकडं गेला नाही, खुर्चीत बसला. फेटेवाल्याला म्हणाला, "जल्दी करू नको. मी सांगतो तसा पेच दे." चेहरा पांढरा, अंगठा बोटाला घट्ट. अण्णासाहेब हात धरायला पुढं सरकले.

"दाजी, लांब."

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आकांक्षाच्या मागं मामा उभा होता. भटजींनी एक कडवं उगाच लांबवलं, तरी उभा होता. पोरगी निघताना फेट्याच्या शेमल्यानंच त्यानं डोळे पुसले.

मंग फेट्यासकट पायलच्या पुढ्यात येऊन बसला. "काय गं पायले, मॅडमचा आवाज काढ बरं एकदा."

पायलनं तोंड दाबून धरलं. दिवाळी अजून लांब आहे. पण लिहायचं बंद करीन, असं हे लिहिणारी पायल कधीच बोलली नव्हती.