पहिलीत जागा नाही!

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. सुताराच्या घरात वाकडे खिळे जमतात ना, तसे ते जमतात. फेकवत नाहीत, मोजवत नाहीत. आमचं घर तर सुताराचंच! त्यामुळे कुणी पाहुणा आला, व्हॅनिलाचा चहा झाला, की आमचे हे हळूच म्हणतात, "ते बदलीचं सांग." मग मी सुरू करते. मध्येच सासूबाई मला दुरुस्त करायच्या. त्यांना दुरुस्त करायची मात्र कुणाची टाप नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही आमच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावात राहत होतो. मी नर्स, आमचे हे, म्हणजे नामदेव, सुतार. सासूबाई शेवंतीबाई आणि आमची सहा वर्षांची प्रेमा. एवढंच कुटुंब. प्रेमाचं नाव गावच्या शाळेत पहिलीत घातलेलं. जानेवारीत शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच शुक्रवारी मला पत्र आलं. बदली! सें पिएरजवळच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी सहाला हजर व्हा. सकाळी सहाला पोचवणारी बस आमच्या गावातून नव्हतीच. म्हणजे बिऱ्हाड हलवणं आलं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हाय जमायचं. कोंबडी बसलीया."

"आई, सरकारी हुकूम आहे!"

"मग सरकारला लिव. अजून पाच दिस हायेत. कोंबडी उठली की येतो म्हनावं."

शेवटी कोंबडी अंड्यांसकट टोपलीत घातली, टोपली सासूबाईंच्या मांडीवर, आणि सासूबाई लॉरीत ड्रायव्हरशेजारी. वाटेत खड्डा आला की त्या ड्रायव्हरला नाही, कोंबडीला म्हणायच्या, "बस, बस, आलंच."

नवा घरमालक म्हणजे एकटे राहणारे एक म्हातारे मिस्ये, म्हणजे साहेब. घर देताना त्यांनी बजावून विचारलं होतं, "माणसं किती?" आमच्या यांनी सांगितलं होतं, "चार. फक्त चार." पुढच्या शुक्रवारी सकाळी मिस्ये व्हरांड्यात आले, तर अंगणात सासूबाई, त्यांच्यामागे कोंबडी आणि कोंबडीमागे नऊ पिल्लं!

"तुम्ही चार म्हणाला होतात!" मिस्ये ओरडले.

सासूबाई म्हणाल्या, "आमी चारच आलो. ही हितंच जन्मली. ही तुमच्या गावची!"

*

लॉरीवरून आठवलं. ती होती उसाची लॉरी. कापणी संपलेली, म्हणून शेजारच्या सीरिलने मोकळी लॉरी दिली. सामान म्हणजे एक पलंग, यांची हत्यारं, भांडी आणि आरशाचं कपाट. कपाट मागच्या बाजूला उभं बांधलं, आरसा बाहेर!

निरोप द्यायला अख्खी आळी जमली. माझी शेजारीण रझिया तर हुंदके देऊन रडत होती. मला मिठी मारून बाजूला झाली, डोळे पुसत लॉरीकडे वळली, आणि जागीच थबकली.

"आयो!" ती आरशात बघत म्हणाली. "मी रडताना अशी दिसते? आणि तुम्ही कुणी इतकी वर्षं सांगितलं नाही?"

मग काय! कुणी पदर नीट करतंय, कुणी भांग पाडतंय. ड्रायव्हरने लॉरी सुरू केली तरी आळी आरशामागे चालतेय! तो मला म्हणाला, "बाई, गावाचं तुमच्यावर फार प्रेम दिसतं हो."

*

सामान लागलं, मी कामावर रुजू झाले. राहिली प्रेमाची शाळा. आम्हाला वाटलं, सरकारी बदली, सरकारी शाळा, घालतील नाव! पहिल्या शाळेत गेलो. हेड मादाम, म्हणजे मुख्याध्यापिका, उंच, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पा एना प्लास."

म्हणजे जागा नाही.

दुसऱ्या शाळेत म्हणाले, तुमचं घर आमच्या हद्दीत येत नाही. पण आधी म्हणाले, पा एना प्लास. तिसऱ्या शाळेत तर शिपायानेच फाटकावर सांगितलं. प्रत्येक ठिकाणी प्रेमा माझं बोट धरून उभी, नवीन रिबिनी बांधून. तिसऱ्या फाटकावरून परत फिरलो तेव्हा तिने स्वतःच रिबिनी सोडल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. मला फार लागलं ते. तोंडाने मात्र मी म्हटलं, "मिळेल गं."

सासूबाई त्या आठवड्यात तापाने पडल्या, म्हणून प्रेमाला मी दवाखान्यात नेऊ लागले. तिला दाराजवळच्या स्टुलावर बसवायचं आणि आपण कामाला लागायचं. एका सकाळी बघते तर रांगच नाही. माझं घड्याळ बंद पडलं की काय! बाहेर डोकावले, तर रस्त्यापलीकडे झाडाखाली दहा-बारा पेशंट उभे.

"आत का येत नाही?"

एक खोकणारे आजोबा म्हणाले, "तुमची ती लहान नर्स येऊ देत नाही ना! म्हणते, पा एना प्लास!"

*

मग हे राजधानीला, पोर्ट लुईला निघाले. कुणीतरी सांगितलं होतं, शिक्षणखात्याच्या वरच्या ऑफिसातून फॉर्म आणा, त्याशिवाय हेड मादाम हलायच्या नाहीत. यांचा स्वभाव असा, की लाकडाशी दिवसभर बोलतील, माणसाशी चार शब्द नाहीत. हत्यारांची पिशवी मात्र खांद्याला. मी म्हटलं, "ती कशाला?" म्हणाले, "सवय."

ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटच्या टेबलावरचा क्लार्क भला माणूस, पण म्हणाला, "फॉर्म संपलेत. छापून यायला महिना लागेल."

हे उठेचनात. बोलायला तर काही सुचेना. नुसते बसून राहिले. क्लार्कलाही अवघडल्यासारखं झालं. त्याने विचारलं, "काय काम करता आपण?"

"सुतार."

"अरे वा! मग जाता जाता एवढं बघा. हा ड्रॉवर पाऊस लागल्यापासून उघडत नाही."

यांनी पिशवीतून रंधा काढला. टेबल आडवं केलं, खालून दोन पट्ट्या तासल्या, थोडं मेण लावलं. ड्रॉवर सुरळीत बाहेर आला.

आत फॉर्मचा गठ्ठा!

क्लार्कने गठ्ठ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, आणि वरचा फॉर्म काढून शिक्का मारला. म्हणाला, "मिस्ये, आणखी दोन ड्रॉवर आहेत हो."

यांनी तेही उघडून दिले. शेवटची बस चुकता चुकता राहिली. घरी आल्यावर मी विचारलं, "मग त्या दोन्हींत काय निघालं?"

"एकात डबा होता," हे म्हणाले. "त्याबद्दल विचारू नकोस."

*

फॉर्म घेऊन आम्ही पुन्हा हेड मादामसमोर. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यावर लिहिलं होतं, जागा असल्यास प्रवेश द्यावा.

"असल्यास," मादाम म्हणाल्या. त्यांचा आवाज या वेळी कठोर नव्हता. "चला, दाखवते." आम्हाला पहिलीच्या वर्गात नेलं. तिघांच्या बाकावर चार-चार मुलं! एक तर खिडकीच्या कट्ट्यावर. "आता सांगा, हिला कुठे बसवू? एक बाक मिळाला असता तर मी नाही म्हटलं नसतं. मागितलाय. कधी येईल देव जाणे."

मी मान खाली घातली. हे मात्र भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. जवळ गेले, हाताच्या वितीने भिंत मोजली, एका बाकाची उंची मोजली, आणि "बरं" म्हणून चालू लागले. मला राग आला. म्हटलं, निदान हात तरी जोडायचे!

रविवारी मी ड्युटीवर होते. घरी आले तर गादी जमिनीवर. पलंग नाही! आमच्या लग्नासाठी यांनी स्वतः केलेला पलंग. अंगणात ढलप्यांचे ढीग, आणि हे गुडघ्यावर बसून एका बाकाच्या कडा घासत होते, पोरांच्या पायाला कुसळ लागू नये म्हणून.

"लाकूड विकत आणायला दुकानं बंद," एवढंच म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "पलंगावर निजून कुनी शानं झालंय का?"

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढचं टोक यांच्या खांद्यावर, मागचं सासूबाईंच्या. अंगात अजून कणकण, पण ऐकतील कशाला! मध्ये प्रेमा, रिबिनी बांधून. बाक वर्गात भिंतीला अगदी चपखल बसला. हेड मादाम चष्मा वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मिस्ये, तुमची मुलगी एक. हा तर तीन मुलांचा बाक आहे."

हे फरशीकडे बघत म्हणाले, "होय मादाम. त्या दिवशी आमच्यामागे आणखी दोन बायका मुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही तुम्ही परत पाठवलंत."

हेड मादाम तडक वळून आपल्या खोलीत गेल्या. वहीतून त्या दोघींचे पत्ते लिहून शिपायाच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आत्ता जा. धावत."

नवरा कमी बोलतो अशी तक्रार मी त्या दिवसापासून बंद केली.

*

प्रेमाचा पहिला दिवस कसा गेला, ते ऐकायला आम्ही तिघंही फाटकावर! पुस्तक इंग्रजीत, मिस बोलतात क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, घरी आमची मराठी. मी धडधडत विचारलं, "समजलं का गं सगळं?"

"हो."

"मिस काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, गप्प बस."

"कुठल्या भाषेत?"

"तिन्ही!"

*

आता सासूबाईंचं सांगते.

शाळेत शेवटच्या तासाला मराठी असायची. पहिली-दुसरीची मुलं एकत्र, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. शिकवायला एक तरुण गुरुजी. सासूबाई प्रेमाला घ्यायला जायच्या त्या तासभर आधीच, आणि खोलीच्या दाराशी बसायच्या. मराठी त्यांच्या तोंडात जन्मापासूनची, पण अक्षर कधी गिरवलं नव्हतं. लहानपणी गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, भाऊ शिकायला जायचे, तेव्हा या उसात कामाला असायच्या.

आठवड्याभराने गुरुजी म्हणाले, "आजी, दारात ऊन लागतं. आत बसा." आणखी आठवड्याने त्यांच्या हातात पाटी आली. घरी कुणाला पत्ता नाही! प्रेमाला तंबी होती.

इकडे गुरुजी काळजीत. ठरलेल्या आकड्यापेक्षा मुलं कमी झाली तर मराठीचा वर्ग बंद, आणि गुरुजींची रवानगी दुसरीकडे. वर्ग जेमतेम आकड्यावर टेकलेला. त्यात गालगुंडाची साथ आली, आणि नेमके त्याच दिवसांत मराठीचे इन्स्पेक्टर दारात!

मी तेव्हा तिथे होते. गालगुंडाची मुलं तपासायला दवाखान्यानेच मला पाठवलं होतं. व्हरांड्यातून बघते, तर काय! पहिल्या रांगेत प्रेमा, आणि शेवटच्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन, मान खाली घालून आमच्या सासूबाई!

इन्स्पेक्टर पोरं मोजत मागे आले. दोनदा मोजली. गुरुजींचा चेहरा पांढराफटक.

"एक कमी आहे, गुरुजी," ते म्हणाले. मग त्यांची नजर सासूबाईंवर गेली. "आणि या कोण?"

गुरुजी पुढे सरसावले, तोच सासूबाईंनी नुसती पाटी उचलून पुढे केली. पाटीवर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं: शेवंति.

इन्स्पेक्टरांनी पाटी हातात घेतली. एकेक अक्षर वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, दुसरी वेलांटी हवी."

सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींनी अजून पयलीच शिकवलीया!"

वर्ग हसला. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं, खिशातलं पेन काढलं, आणि शेवटच्या नावाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: शेवंती.

दुसरी वेलांटी.