मामेसासऱ्यांनी पसंत केलेला सर्जन

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि देवाची कृपा असेल तर होणारही नाही. आंजीहून ते आमच्याकडे यायचे ते खोड काढायलाच. दूधवाल्याला म्हशीचं वय विचारायचे. पोस्टमनला 'खरंच सरकारी ना?' म्हणायचे.

आमच्या लेकीची, शकूची, हनुवटी भाजल्यानंतर छातीला चिकटली होती. एवढीशी पोर, पण वर म्हणून बघता येत नव्हतं. अशात स्टेशनजवळ एक प्लास्टिक सर्जन येऊन उतरले. पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब, भिंतभर सर्टिफिकिटं. मांडीची कातडी काढून मानेला लावतो म्हणाले. मी तर हातच जोडले.

मामेसासरे मात्र मुलगा पाहायला आल्यासारखे ऐसपैस बसले. गाव कोणतं? शिकवलं कोणी? डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते दिसून राह्यलं जी. पण यातलं कातडी लावाचं कोणतं?"

"सर्जरीत सगळं येतं."

"मंग तुमच्या हातची एखादी मान दाखवा."

"पेशंट मुंबईला असतात."

म्हाताऱ्याने टोपी चढवली, शकूचा हात धरला आणि सरळ बाहेर! माझं डोकंच फिरलं.

"मामाजी, ही काय सोयरीक आहे?"

"सोयरीक फसली त पोरगी माहेरी आणता येते, जवाईबापू. येथं फसलं त कोठं आणाची?"

मग नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. तिथल्या एका तरुण सर्जनाचा त्यांनी असा छळ मांडला की मलाच लाज वाटावी. त्या बिचाऱ्याने हेच काम कोणाच्या हाताखाली शिकलो ते सांगितलं, बऱ्या झालेल्या दोन पेशंटांची गावं सांगितली. हा गृहस्थ त्यांच्या घरी जाऊन जेवून आला, त्यांना माना वळवायला लावून आला! इकडे बायको रोज रडायची, मी दातओठ खायचो. शेवटी एकदाचा होकार आला.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी शकूने हनुवटी हळूहळू उचलली. समोर मामेसासरे उभे.

"काय दिसते, बाई?"

"आबाजी, तुमच्या नाकात पांढरे केस आहेत."

म्हातारा खो खो हसला आणि हसता हसता तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शकूला स्थळं येताहेत. मुलं शिकलेली, पगारदार. मला सगळीच चांगली वाटतात, आणि त्याचीच भीती वाटते.