खोबरेल लावलेली सायकल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार लातूरच्या आमच्या सायकलवाल्या चाचांचे आहेत, आणि खोबरेलाचा वास आला की ते हमखास आठवतात. भूकंपानंतरच्या वर्षी क्लासला दोन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मी त्यांच्यासोबत डोंगरातल्या रस्त्याने सायकलवर जळकोटकडे निघालो. आदल्या दिवशी मी हौसेने अख्खी सायकल खोबरेलाने पुसून चमकवली होती, चाकांच्या रिमांसकट. सपाटीवर ब्रेकची गरजच पडली नाही. घाटमाथ्यावर वारा एकदम पडला. खाली पहिल्याच वळणाचा कठडा तुटलेला होता आणि तिथे एकच चप्पल पडली होती. मी पायडलवर पाय ठेवला तोच चाचांनी हँडल धरलं, रिमवरून बोट फिरवून हुंगलं. “सायकल हाय का नवरदेव? उतर खाली!” “चाचा, ब्रेक नवे हायत.” त्यांनी दोन्ही ब्रेक आवळून सायकल उताराला ढकलली, तेलकट रिमांवरून ब्रेकचे रबर घसरले आणि चाकं तशीच फिरत राहिली. चाचा घाट संपेपर्यंत माझ्यासोबत पायी चालले. पुढे आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या हातात आली, त्याच दिवशी मी त्यांना पत्र टाकलं: “चाचा, पास झालो. सायकल तीच हाय. रिमा कोरड्या ठेवतो.”