दादांचं पितळी कुलूप

जगातल्या प्रत्येक वस्तूत मोजून तीन गुण आणि तीन दोष असतात, याची पक्की खात्री असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. पोलीस दलात पिस्तुलं-बंदुका दुरुस्त करण्यात दादांची हयात गेली. निवृत्तीनंतर हत्यारं सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. ताटात भाकरी पडली की ते ती आधी उलटून पाहतात आणि मग निकाल देतात. माझ्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी नवरदेवाचे तीन दोष सांगितले. गुणांवर येईपर्यंत पाहुणे गाडीत बसले होते. सुरी असो, छत्री असो की साधी बॅटरी, दुसऱ्याच्या हातात देताना तिचं तोंड जमिनीकडे असतं. रिकामा डबासुद्धा ते दोनदा उघडून बघतात. काहून म्हणून विचारलं तर म्हणतात, "एकदा बघितल्यावर मला खरं वाटत न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेला मांडायचं हत्यार साफ करून घ्यायला आसपासचे परवानावाले कळमनुरीला दादांच्या ओसरीवर जमायचे. त्या वर्षी मीही जाऊन बसलो होतो. वारंगा फाट्यावर माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या हॉटेलवाल्याशी हातभर जागेवरून माझं वाजलं होतं आणि चारचौघांत तो "एक दिवस बघून घेतो" म्हणाला होता. मी तसा भित्रा माणूस. माझी झोप उडाली आणि पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज करायचं मी मनाशी ठरवून टाकलं. नेमकं त्याच दिवशी एका पेट्रोलपंपवाल्याचं छोटं पिस्तूल ओसरीवर आलं. दादांनी ते रिकामं केलं, दोनदा बघितलं, नळी भिंतीकडे केली आणि बोलायला लागले, "आधी गुण. खिशात मावतं. वजनाला हलकं. अन् झटकन निघतं. आता दोष. मूठ आखूड, करंगळी बाहेरच लोंबून राहती. हलकं हाय म्हणून हाताला झटका जास्त. अन् नळी एवढीशी, धा पावलांच्या पुढं नेमाचा भरवसा न्हाई."

"मला असंच घ्यायचंय," मी म्हणालो.

दादांनी भाकरीकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मग उठून आतून एक जुनं पितळी कुलूप आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. "वजन बराबर एवढंच हाय. महिनाभर कमरंला वागवा. मग करा अर्ज."

मी ते कुलूप इमानाने वागवलं. मोटारसायकलवर ते बरगडीला टोचायचं, औंढ्याला दर्शनाच्या रांगेत मागच्या बाईला लागलं म्हणून बोलणीही खाल्ली. बायको तर मला "कुलूपवाले" म्हणूनच हाक मारायला लागली. पण आठवडाभरात त्याची अशी सवय झाली की ते कमरेला आहे म्हणून मी जरा ऐटीत चालायचो. महिना संपायला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, तो हॉटेलवाला सरळ माझ्या दुकानात घुसला आणि त्याने सदऱ्याच्या आत हात घातला. मला विचार करायला वेळच मिळाला नाही. माझा हात आपोआप कमरेला गेला, आणि दुसऱ्या क्षणी कुलूप त्याच्या छातीवर रोखून मी उभा होतो. त्याच्या सदऱ्यातून हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका निघाली.

त्याने कुलपाकडे बघितलं. "दुकान बंद करून राहिले का? मंग जास्त येळ घेत न्हाई. लेकीचं लग्न हाय. झालं गेलं इसरा अन् समद्यांनी या."

तो गेल्यावर मी खाली फरशीवरच बसलो. संध्याकाळी कळमनुरी गाठली आणि दादांना सगळं सांगितलं. दादा हळूच म्हणाले, "झटकन निघतं म्हणून म्या गुण सांगितला होता ना पाव्हणं? तो खोडा. दोषात टाका." दादांच्या हिशेबात कधी दोन गुण आणि चार दोष झालेले मी तेवढ्या एकदाच पाहिले. अर्ज राहिला. त्या लग्नात मी पंगतीत बुंदी वाढली, आणि नवरीच्या बापाने आग्रह करकरून मला जेवू घातलं.

आता दादांचे हात थरथरतात. परवानावाल्यांना त्यांनी स्वतःच दुसरीकडे जायला सांगितलं. कुलूप माझ्या दुकानाच्या शटरला असतं आणि ते मुळीच कुरकुरत नाही. तरी दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शटरला दुसरं कुलूप लावून मी ते तेलपाण्याला घेऊन दादांच्या ओसरीवर जातो. दादांना फार वेळ लागतो. निम्मं तेल त्यांच्या धोतरावर सांडतं आणि मी रस्त्याकडे बघत बसतो. शेवटी ते कुलूप पुढे करतात, किल्लीचं भोक जमिनीकडे धरून.

"रिकामं हाय ना?"

"रिकामं हाय, दादा."

तरी ते हात मागे घेतात आणि पुन्हा एकदा बघतात. मलाही कुठे घाई नसते.