शूटिंग म्हटलं तरच हसणारी मामी

बॅगेत जुना हँडीकॅम टाकला तेव्हा घरचे हसले. हसू देत. बारामतीजवळच्या कन्हेरीच्या मामाने फोनवर एकच काम सांगितलं होतं, "हिचा एक तरी फोटू हिच्यासारखा काड. भिंतीला लावायचाय." मामीचं माहेर जुनं पळसदेव, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं देऊळ उघडं पडतं. पाऊस लागला की गेलंच, म्हणून आत्ताच जायचं होतं.

स्वारगेटहून बारामतीच्या एसट्या भरपूर आहेत. कन्हेरीत पोचल्यावर चहा व्हायच्या आत मी मामीवर मोबाईल रोखला. झालं. पदर डोक्यावर, हात मांडीवर आणि चेहरा थेट आधारकार्डावरचा. हँडीकॅम फोटोवर लावून बघितला, तरी तेच. मी वैतागले. "लगीन झाल्यापासनं ह्येच चाललंय," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भिगवणमार्गे इंदापूरच्या रस्त्याला लागलो. उसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे ट्रॉल्यांमागे रखडावं लागलं नाही. पळसदेवला मासेमारांची होडी मिळते. भाडं चढायच्या आधी ठरवा, आणि चांगल्या चपला घालून जाऊ नका, चिखल खूप आहे.

देवळापाशी उतरल्यावर मला सुचलं.

"मामी, आता फोटो नाही, शूटिंग."

"मंग हलायचं का?"

"हलायचं."

लग्नांनी आपल्याकडच्या बायकांना एवढं पक्कं शिकवलंय: फोटोला ताठ उभं राहायचं, शूटिंगला काहीतरी करत राहायचं. मामी चालायला लागली. "हितं आमची गल्ली. तितं म्हशी बांधायचो. आन आई त्या तिकडनं वरडायची," असं म्हणत तिनं कमरेवर हात ठेवला आणि आईचा आवाज काढला, "आगं ए भवाने, पाणी भरतीयास का देवाशी गप्पा हाणतीयास?" स्वतःच्याच नकलेवर ती अशी हसली की पदर खांद्यावर आला. चालू शूटिंगमध्येच मी हँडीकॅमवरचं फोटोचं बटण दाबलं. माझ्या कॅमेऱ्यात असा फोटो लहान निघतो. मोठा करायला जाल तर फाटतो, पोस्टकार्डाएवढा मात्र झकास येतो.

इंदापुरात तळलेला चिलापी मासा आणि भाकरी खाल्ली. मामाने न विचारता स्वतःचा तुकडा माझ्या ताटात सरकवला. फार बरं वाटलं.

पुण्यात आल्यावर फोटो पाठवला. लगेच मामाचा फोन.

"हीच ती. पर ही बोलंना झालीया. तूच बोल."

"मामी, आवडला नाही का?"

"आई अशीच हसायची गं. तिचा एकबी फोटू न्हाय आमच्यात."

मी फोटो पुन्हा उघडून बघितला.

"दोन काड," ती म्हणाली. "एक ह्यांच्या भिंतीला. एक माझ्या भावाला. त्याला काय सांगू नगंस. नुसता हातात दे."