हात हुंगणारे फौजदार

हात बघून भविष्य सांगणारे पुष्कळ भेटतात; फौजदार हात हुंगून भूतकाळ सांगायचे. "दोनी हात फुडं करा," म्हणायचे, स्वतःचे हात पाठीमागं बांधायचे आणि वाकून बोटांचा वास घ्यायचे. पहिल्या दिवशी मी भडकलेच. परक्या बाईचे हात हुंगणारा हा कोण टिकोजीराव? पण तीनदा धुऊन आले तरी यांची मान आपली नकारार्थी. "बाई, कांदा-लसणाची चटणी हाय ही. निस्त्या पाण्याला भीत न्हाय. तुमच्या बोटाला कळत न्हाय, लेकराच्या डोळ्याला कळतंय."

ते पोलिसात नव्हते. लक्ष्मीपुरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या माडीवर लहान मुलांच्या डोळ्यांत लेन्स बसवायचं काम करायचे. फौजदार हे नाव बाहेर बाकड्यावर बसणाऱ्या आम्हा आयांनी ठेवलेलं, कारण आत गेलं की आधी जबानी व्हायची. रात्री लेन्स कुणी काढली? कशात ठेवली? डोळा लाल होता का? आणि प्रत्येक उत्तरावर एकच शब्द, "बगू."

माझी वैशू उजव्या डोळ्यात मोतीबिंदू घेऊनच जन्मली. तिसऱ्या महिन्यात ऑपरेशन झालं, आणि मोतीबिंदूबरोबर डोळ्यातलं भिंगही गेलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. एवढ्या तान्ह्या बाळाला आतून भिंग बसवत नसत. डॉक्टरांनी सांगितलं, रोज वरून लेन्स घालायची आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे दुबळा डोळा बघायला शिकेल. लहानपणी शिकला तर शिकला, नाहीतर कायमचा गेला. कागलला घरी परत येताना एस.टी.त मी पदर तोंडात धरून रडत होते.

आणि हे काम कुणाच्या हाती, तर या माणसाच्या! ना डॉक्टर, ना पांढरा कोट. मी वैशूला दुपट्यात गुंडाळून घट्ट धरली, तिनं रडायला तोंड उघडलं, तोवर यांचं काम झालंसुद्धा. मला वाटलं, घातलीच नाही, नुसता हात फिरवला. तसं तोंडावर बोललेही. माणूस रागावण्याऐवजी खूश झाला! "संशय घेतासा? लई ब्येस. या, बॅटरीत बगा." बुबुळावर लेन्सची ती बारीक कड बघितली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. तरी विचारलंच, नंबर बरोबर आहे ना, हिला लांबचं दिसेल ना?

"तिला आत्ता बिंदू चौक बगायचा न्हाय, बाई. तुमचं तोंड बगायचं हाय. हातभर अंतराचा नंबर दिलाय."

पुढच्याच महिन्यात आमच्या सासूबाईंवर गुन्हा दाखल झाला. काजळ घालत नाही म्हणून त्यांनी देवाची शपथ घेतली. फौजदारांनी पापणीच्या मुळाशी कापूस फिरवला, तो काळा झाला. "आज्जी, ह्ये काय?" सासूबाई पुटपुटल्या, "दृष्ट लागू नये म्हणून इवलंसं बोट लावलं." फौजदार म्हणाले, "दृष्ट काढा, खुशाल काढा. दृष्टी काढू नका." त्या दिवसापासून तीट वैशूच्या तळपायाला लागायला लागली.

खरा गुन्हा मात्र माझा. वैशू दीड वर्षाची झाली तशी पट्टी म्हणजे घरात रोजचा आकांत व्हायला लागला. चांगला डोळा झाकला की ती भिंत चाचपडायची आणि "आई, काळोक! आई, काळोक!" म्हणून टाहो फोडायची. शेजारीण म्हणायची, "धडधाकट डोळा बांधतेस, काळीज आहे का नाही तुला?" होतं हो काळीज, तेच तर नडलं. पट्टीखाली ऊन लागत नाही म्हणून पट्टी लावणाऱ्या पोरांच्या गालावर गोरा डाग पडतो आणि फौजदार तो शोधतात, हे मला बाकड्यावर कळलं होतं. दिवस हिवाळ्याचे. वैशू झोपली की मी पट्टी लावायची आणि बाज उन्हाला सरकवायची. डाग मस्त पडला. म्हटलं, आता हुंगा काय हुंगायचं ते.

त्यांनी डाग बघितला. "किती तास?"

"चार."

"जागी असताना?"

"हो तर."

ते वैशूच्या गालाकडे बघत राहिले. "जागं पोर पट्टीचा कोपरा उचकटल्याबिगर ऱ्हात न्हाय. नखं लागत्यात, कड लाल हुतीया. हितं एक वरखडा न्हाय. झोपंत लावतासा. व्हय की न्हाय?"

मी शाळेत मास्तरीण. कॉपी करणारी पोरं पकडण्यात माझी हयात चाललेली, आणि आज मीच सापडले. मला रडू फुटलं, रागही आला. "ती काळोख काळोख म्हणते हो! तुमचं काय जातंय सांगायला?"

ते स्टुलावर बसले. "एका आईवर इश्वास ठेवला हुता, मलकापूरकडच्या. चांगली बाई वो, लई चांगली. लावते म्हणली, मी मान डोलावली. डोळा गेला पोरीचा. तवापासनं मी कुणाचं ऐकत न्हाय." मग वैशूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काळोक म्हणती, म्हंजे उजेड मागती. द्या की तिला. भडक रंगाचं कायतरी द्या हातात."

घरी फळीवर बेंदराच्या सणाचे मातीचे बैल होते, शिंगांना बेगड लावलेले. पट्टी लावली की मी ते तिच्यापुढं जमिनीवर मांडायची. आधी ती रडायची, मी पण रडायची. काही दिवसांनी तिनं हात लांब केला आणि चमकणारं शिंग बरोब्बर पकडलं. मी सासूबाईंना मिठीच मारली.

सहाव्या वर्षी वैशूनं चांगल्या डोळ्यावर हात धरून दुबळ्या डोळ्यानं दवाखान्यातला तक्ता घडाघडा वाचला. माझा ऊर भरून आला. फौजदारांचं तोंड आंबट. "बोटातनं बगती." त्यांनी तिचा चांगला डोळा स्वतःच्या तळव्यानं झाकला. तिनं परत वाचलं. "पाठ हाय." मग खिडकी उघडून रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. वैशू म्हणाली, "उसाचा ताजा रस. आलं-लिंबू घालून." त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "बाई, आता हिला बिंदू चौक दाखवा जावा."

वैशू दहावीत असताना कळलं, फौजदारांच्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आम्ही भेटायला गेलो. सून बिचारी थेंबांची बाटली घेऊन ताटकळत उभी होती; तीन वेळा हात धुऊनही पास झाली नव्हती. वैशू म्हणाली, "काका, मी घालते." ती मोरीवर जाऊन हात धुऊन आली आणि सवयीनं ते त्यांच्या नाकापुढं धरले.

त्यांनी वास घेतला नाही. "ऱ्हाऊ दे. तू धुतलंच असशील," म्हणाले आणि डोळा उघडा ठेवून मुकाट आडवे झाले.

माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांची उशी नीट करायला म्हणून पुढं झाले, तसा तो दुसरा डोळा माझ्याकडं वळला.

"बाई, तुमी थांबा. आदी हात दाखवा."

मी गुपचूप मोरीवर गेले आणि साबण लावून दोनदा हात धुतले.