पडेगावच्या पुढे

हमीदभाई आमच्याकडे चहा प्यायचे ते सायकलवर बसून. एक पाय पॅडलवर, दुसरा आमच्या पायरीवर, डावा हात भिंतीला टेकलेला आणि उजव्या हातात बशी. आत या, खुर्ची आहे, असं मी किती वेळा म्हटलं असेन. ते बशीवर फुंकर घालत म्हणायचे, "नक्को भाभी. खुर्चीला पाठ लागली की माणूस मेहमान होतो. मग पाणी द्या, पान द्या, लई तकलीफ."

मी नुकतीच लग्न होऊन पुण्याहून आले होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझ्या घरात कपांचा एक कप्पा होता, बशांचा दुसरा. गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत एक माणूस माझ्या दाराबाहेर चहा पितो, हा मला माझ्या कपबशांचा अपमान वाटायचा.

मुलांनो, मागच्या महिन्यात तुम्ही नदीकाठच्या सायकल सहलीचे फोटो पाठवलेत आणि विचारलंत, आजोबा पण सायकल चालवायचे ना? चालवायचे. पण ते सांगायचं तर हमीदभाईंबद्दल सांगावं लागतं, आणि ते मी इतकी वर्षं टाळत आले.

आपल्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. औरंगपुऱ्यात हमीदभाईंचं कापडाचं दुकान होतं. उंच, काटकुळे, पायजम्याला घोट्यापाशी सायकलच्या क्लिपा लावलेल्या. दुकानात गादीवर बसतानाही त्या काढत नसत, जणू कोणी हाक मारली की लगेच निघायचं आहे. गिऱ्हाइकाला स्वतःच परत पाठवायचे. "हे नका घेऊ मामा. एकदा धुतलं की तुमच्या नातवाला होईल," असं म्हणून थान गुंडाळून ठेवायचे. दुकान तरीही चालायचं.

दर हिवाळ्यात, ज्वारी हुरड्यावर आली की तुमचे आजोबा आणि हमीदभाई सायकली घेऊन निघायचे. साध्या काळ्या सायकली, कॅरिअरला बांधलेलं घोंगडं, एक पंप आणि पंक्चरचं सामान. एखाद्या वर्षी कन्नडकडून शिवना नदी धरून खाली गोदावरीपर्यंत, एखाद्या वर्षी अंजनेच्या काठाने पिशोर, कधी पैठणच्या बाजूला. रस्त्याने जायचं नाही, हा हमीदभाईंचा नियम. "रस्ता सरकारचा. आज हाय, उद्या नाय," ते म्हणायचे. पाण्यात उतार कुठे आहे हे ते कधी पुरुषांना विचारत नसत. धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचे. वाळू लागली की सायकल खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे जायचं.

गावोगाव लोक गोळा व्हायचे. दोन शहरी माणसं, काही विकत नाहीत, काही मोजत नाहीत. "सर्वे हाय का काय?" कोणीतरी विचारायचं.

"नाय बाबा. नदी बघायला आलो."

"नदी? तिला काय झालंय?"

हे सगळं मला हमीदभाईंनी पायरीवर पाय ठेवून सांगितलेलं. तुमच्या आजोबांकडून मला एक शब्द मिळायचा. कसं झालं, विचारलं की "छान." जेवणाचे हाल झाले का? "नाही." झोपायला कुठे होतात? "होतो कुठेतरी." मग आंघोळ करून, चष्मा पुसून ते वर्तमानपत्र उघडायचे. ते वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, कधी माझ्या पगाराला हात लावला नाही. पण चार दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलेलं असायचं ते पहिल्या तांब्याबरोबर धुऊन जायचं, आणि मला ते मिळायचं नाही. ते हमीदभाईंना मिळायचं. मला त्यांचा मत्सर वाटायचा. दुसरा सौम्य शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. हमीदभाईंचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तरी निघायच्या सकाळी ते आमच्याकडे येत नसत. आजोबा एकटे निघायचे, हमीदभाई मागून एकटे, आणि दोघे दौलताबादच्या रस्त्यावर पडेगावला भेटायचे. का, म्हणून विचारलं तर उत्तर, "तसंच ठरलंय." तरुण बायकोच्या मनात अशा उत्तरातून काय काय येतं ते कळण्याइतके तुम्ही आता मोठे आहात. ईदला शिरखुर्मा घेऊन हमीदभाईंच्या पत्नी जुबेदाबी आल्या तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "मेरेकू क्या मालूम, बाजी. उनो वहां खाते क्या, ये बी नहीं मालूम."

लग्नाला काही वर्षं झाल्यावर एका हिवाळ्यात मी ठरवलं की आपण जायचं. आजोबा सहज बोलून गेले होते की गुरुवारी पिशोरला असू. शाळेला सुट्टी होती. मी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं केलं, स्वच्छ नॅपकिन घेतले आणि एसटीने पिशोरला उतरले. स्टँडसमोरच्या हॉटेलात रस्ता दिसेल असं बाक निवडलं आणि बसले. गावात यायला तोच रस्ता. सायकली तिथूनच येणार.

ऊन चढत गेलं. हॉटेलवाला दोनदा चहाचं विचारून गेला. शेवटी म्हणाला, "बाई, कुणाची वाट बघता?"

"दोघं यायचे आहेत. सायकलवर."

"औरंगाबादचे? एक लांबडा मियां आन एक चष्मेवाले साहेब?"

"हो."

"ते कवाच आले. नदीत हायेत."

"इकडून तर कोणी गेलं नाही."

"इकडून कशाला जातील?" तो कप विसळत म्हणाला. "ते नदीनं येतात."

मी डबा उचलून गावातून पलीकडे गेले. काठावर बाभळी होत्या. खाली एका खडकावर तुमचे आजोबा बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात, चष्मा शेजारी दगडावर. हमीदभाई वाळूत आडवे झालेले, आणि दोन म्हातारे शेतकरी उकिडवे बसून ऐकत होते. आजोबा बोलत होते. हातवारे करून बोलत होते.

"दार इकडे, नदीकडे. मागे मोसंबीची बाग. विहीर नकोच, नदी आहे. आणि खिडकी मोठी, एवढी, पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे."

"आन पूर आला की?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आला तर येऊ दे. माळ्यावर चढून बसायचं."

"वसंतराव," हमीदभाई हसत म्हणाले, "मागच्या साली शिवनेवर बांधलं होतं त्याचं काय झालं?"

"तिथे मच्छर फार होते."

सगळे हसले. मी बाभळीमागे उभी राहिले. आम्ही आमचं घर बांधलं तेव्हा खिडकी कुठे हवी असं मी त्यांना विचारलं होतं. "तू ठरव," ते म्हणाले होते. सगळ्याच खिडक्या मी ठरवल्या.

हमीदभाईंना मी दिसले. ते उठून बसले आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "वसंतराव, भाभी आल्या."

आजोबांनी आधी चष्मा घातला, मग पँट खाली केली. "तू इथे?" त्यांनी विचारलं. घराची गोष्ट तिथेच थांबली. म्हातारे उठून गेले. मी नॅपकिन पसरून डबा उघडला. दोघांचं जेवण झालेलं होतं. कोणा बाईने भाकरी आणि हुरडा आणून दिला होता. आजोबांनी एक पुरी खाल्ली. हमीदभाई मात्र खात राहिले, एकीमागून एक. "भाभी, पुरी लई फस्कलास," म्हणत राहिले. पोटाला तडस लागली असणार. मला त्यांच्या त्या चांगुलपणाचाच सर्वांत जास्त राग आला. दुपारच्या गाडीने मी परत आले आणि पुन्हा कधी गेले नाही.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही आता राहता तिकडे तुमची आई नुकतीच स्थिरावली होती. हमीदभाई रोज यायचे. पाय आता पॅडलवर ठेवता येत नव्हता, तर सायकल धरून दारात उभे राहायचे. लोक माझं सांत्वन करायचे आणि मी त्या दारातल्या माणसाकडे बघायचे. माझ्या नवऱ्याचा बोलणारा भाग याच्याकडे आहे, हे एकच माझ्या मनात यायचं. एक दिवस मी म्हटलं, "हमीदभाई, मला पडेगावला घेऊन चला."

त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि रिक्षा घेऊन आले.

पडेगावला तोपर्यंत इमारती झाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. ते म्हणाले, "अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरचा पहिला हिवाळा, भाभी. तुम्ही पुण्यात होत्या. शहरात तेव्हा कोण कुणाच्या घरात बसतो, कोण कुणाच्या संगं जातो, लोक नजर ठेवून असायचे. तुमचे सासरे भले माणूस, पण त्यांना जवाब द्यावा लागला असता. माझ्या अब्बांना पण. म्हणून वसंता आधी निघाला, मी मागून. इथं भेटलो. इथून पुढं आमाला कुणी वळखत नव्हतं. मंग दिवस बदलले, लोक बदलले, पण सवय राहिली."

"आणि आमच्या घरात न येण्याची?"

"ती पण."

चहा आला. मी बरेच दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. "ते नदीकाठी घर बांधायचे ना, त्या घरात मी होते का?"

हमीदभाईंना खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हणाले असते तर मी मानलं असतं. त्यांनी चहा बाकावर ठेवला.

"नाही, भाभी. त्या घरात कुणीच नव्हतं." मग म्हणाले, "मी पण नव्हतो. मेरेकू बी बुरा लगता था. इतके हिवाळे, हरेक काठावर घर. मोसंबी कुठं, खिडकी कुठं, सगळं सांगायचा. मला वाटायचं, एकदा तरी म्हणेल, हमीद, ही तुझी खोली."

त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. आजोबा नदीवर काय खायचे, कशाला हसायचे, कुठे पाण्यात पडले, कोणत्या गावात त्यांना लग्नाच्या पंगतीत बसवलं. मी सगळं ऐकून घेतलं, हावरटासारखं.

दोन हिवाळ्यांनी हमीदभाई गेले. मी भेटायला गेले तेव्हा जुबेदाबी पानदान पुढ्यात घेऊन सुपारी कातरत बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी पानदान माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "बाजी, तुमच्या साहेबांनी तुमाला सांगितलं असेल. नदीवर ही माणसं बोलायची तरी काय?"

"त्यांनी काहीच सांगितलं नाही," मी म्हटलं. "पण हमीदभाईंनी सांगितलं."

मला वाटलं, इथे माझ्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. वेगळं निघणं, पडेगाव, मोसंबी, मोठी खिडकी. त्या मान डोलावत ऐकत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या. मग मी त्या खोलीचं सांगितलं, हमीदभाईंना वाईट वाटायचं ते.

अडकित्ता थांबला. "बुरा लगता था? ये उनो तुमकू बोले?"

"हो."

"खुद बोले?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. कितीतरी वर्षं मी ती त्यांच्या नवऱ्यावर रोखली होती.

"मेरेकू तो कभी नहीं बोले," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोरचं पानदान उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं.